माइकवरचं हळदकुंकू

"हा कसला चिखल?" कोच म्हणाला. मेलेला उंदीर धरावा तसा माझा माइकसेट त्याने दोन बोटांत उचलला होता.

चिखल नव्हता तो. हळदकुंकू होतं. आदल्या दिवशी दसरा. सेट मी चार्जिंगला घरी आणलेला. आईने बाबांचा लॅपटॉप, गाडीची किल्ली, स्वतःचं शिलाई मशीन मांडलं आणि शेजारी तोही ठेवला. पूजा केली. सकाळी मी न बघता बॅगेत कोंबला.

शाळेची आमची आठ जणींची बोट. मी कॉक्स. वल्हं मारत नाही. बोटीच्या शेवटाला बसून सुकाणू धरते, माइकवर हुकूम देते. वल्हवणाऱ्या सगळ्या माझ्याकडे तोंड करून, जायच्या दिशेला पाठ; पुढचं फक्त मला दिसतं. नऊ वर्षांची असताना नागपूरहून आयर्लंडला आले. इथे मोठ्याने बोलायची हिंमत झाली ती याच जागेवर. कॉलेजातही मला कॉक्सच व्हायचं होतं. त्यासाठी कोचचं शिफारसपत्र हवं होतं.

"हळद आणि कुंकू. काल घरी यंत्रांची पूजा होती," मी पुटपुटले.

"मशीनला जेवण वाढलंस की काय?" आमची कॅप्टन म्हणाली. सगळ्या हसल्या.

"हे देऊळ नाही," कोच म्हणाला.

आई धक्क्यावरच होती, मला सोडायला आलेली. पंजाबी ड्रेसवर बाबांचं जॅकेट. ती पुढे आली. "सर, इट इज अवर..."

मी तिला बोलू दिलं नाही. "सॉरी, माय मम इज अ बिट मॅड," म्हणाले. आणि हसले. सगळ्यांपेक्षा मोठ्याने. बाहीने कुंकू पुसून टाकलं.

"बरं, येते मी," आई हळूच म्हणाली.

जीभ कशी झडली नाही माझी?

पहिल्या फेरीनंतर नदीत दम घ्यायला थांबलो. कॅप्टन बोटीत माझ्यासमोर बसते, तोंडाला तोंड. तिने कपाळावर बोट टेकवलं, हात जोडले, डोळे मिटून मान डोलवली. पुन्हा हशा.

काठाने सायकलवर सोबत येणारा कोच ओरडला, "चला!"

पाण्यावर कॉक्सच्या हुकुमाशिवाय कोणी वल्हं उचलत नाही. मी हुकूम दिला नाही.

माइकवर म्हणाले, "ती माझी आई आहे. ते कुंकू होतं. तिने मायेने लावलं होतं. ती वेडी नाही, मी खोटं बोलले. हसून झालं की सांगा."

बोट वाहत राहिली. कोच ओरडत राहिला. हसणं थांबलं. कॅप्टनचे कान लाल झाले. सॉरी कोणीच म्हटलं नाही. मग मी बोट वळवली आणि धक्क्याला लावली.

"उद्यापासून तुझ्या जागी दुसरी बसेल," कोच म्हणाला. "आणि पत्र विसर."

घरी आईला सगळं सांगितलं. वाटलं, रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं.

"जाऊ दे गं, लहान आहेस तू," ती म्हणाली. मग घाबरून, "पत्राचं काय आता? मी जाऊन सरांना सॉरी म्हणू का?"

माझ्यासाठी ती त्याच्यापुढे हात जोडायला तयार होती. मला मान वर करवेना.

"नाही," मी म्हणाले. "तू कोणाला सॉरी म्हणायचं नाही. आणि मी लहान नाही. सतरा वर्षांची आहे."

पुढच्या सप्टेंबरमध्ये कॉलेजच्या बोटक्लबात चाचणीला जाणार आहे. पत्राशिवाय. पत्र का नाही, विचारलं तर सांगणार. सगळं. मी हसले, तेसुद्धा.