मक्त्याची खुर्ची

मानोऱ्याच्या बसस्टँडकडून आमच्या गल्लीत वळलं की मारोतरावांचे दोन गाळे लागतात. एकात खताची पोती असतात, दुसऱ्यात त्यांच्या सुनेचं, वर्षाराणीचं, ब्युटी पार्लर आहे. आत तीन खुर्च्या. दोन वर्षाराणीच्या आणि खिडकीजवळची रीताची.

रीताची म्हणजे तिनं ती भाड्यानं घेतलेली, पाडवा ते पाडवा. आरसा, लाईट, पाणी, पंखा वर्षाराणीचा. दोरा, कैची, क्रीम आणि गिऱ्हाईक रीताचं. यायची-जायची वेळही तिचीच. कागद केला नव्हता. पाडव्याच्या दिवशी दोघी माझ्या ओट्यावर बसून बोलल्या, गाठीचा तुकडा तोंडात टाकला आणि ठरलं.

रीता बादल राठोड इथून चार किलोमीटरवरच्या बंजारा तांड्यावर राहते. लग्न झाल्यापासून सात हंगाम तिनं नवऱ्याबरोबर ऊस तोडला. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा गडी अर्धा. दिवाळीच्या आधी तांड्यावरून जायचं आणि होळीनंतर परत यायचं. मुलगी पहिलीत गेली त्या वर्षी रीता म्हणाली, आता मी हलत नाही. वाशिमला रोज जाऊन-येऊन तिनं तीन महिन्यांचा कोर्स केला आणि ही खुर्ची धरली.

तिचा हात हलका आहे. दोऱ्याचं एक टोक दातात धरून भुवई कोरते आणि तशीच बोलतेही. एकदा एक बाई सारखी हसत होती, तर रीता म्हणाली, "हसू नका ताई, एक भुवई दिग्रसले जाईन अन् एक कारंज्याले!" रोज सकाळी आधी खुर्चीच्या हाताला हळदकुंकू लावते, सेवालाल महाराजांचं नाव घेते, मग दोरा काढते. पाणी भरायला माझ्या नळावर येते, म्हणून दिवसातून दोनदा तरी आमचं बोलणं होतं. तिच्याविषयी माझ्या वहीत बरंच साचलं आहे, ते आज सलग लिहिते.

मागच्या थंडीत एका मास्तरीणबाईला रीतानं ब्लीच लावलं आणि त्यांचा चेहरा लाल झाला. बाईंचे यजमान दुकानात येऊन मोठ्यानं बोलले. तेव्हा वर्षाराणी चार जणींसमोर म्हणाली, "ते खुर्ची भाड्यानं हाय. माहा काई संबंध नाई." रीतानं वाद घातला नाही. तीन दिवस कोरफडीचं पान घेऊन ती त्या बाईंच्या घरी गेली. चौथ्या दिवशी चेहरा निवळला. वर्षाराणी बोलली ते खोटं नव्हतं, म्हणून मीही तेव्हा काही म्हटलं नाही.

मग यंदाच्या श्रावणात ती गोष्ट झाली.

श्रावणात तांड्यावर तीज असते. लग्न न झालेल्या पोरी टोपल्यात गहू पेरतात, नऊ दिवस त्याला पाणी घालतात, गाणी म्हणतात आणि गोकुळाष्टमीच्या सुमारास ते अंकुर वाजतगाजत पाण्यात शिरवतात. शेवटच्या दिवसांत सगळ्या पोरी नटतात. रीताला तीन तांड्यांवरून बोलावणं होतं. ती वर्षाराणीला सांगून चार दिवस गेली.

शुक्रवारी परत आली तर तिच्या खुर्चीवर गिऱ्हाईक बसलेलं, आणि सुकेशनी नावाची नवी मुलगी त्या बाईच्या हाताला वॅक्स करत उभी. मी देवळात जाता जाता दारातच थांबले होते, पांढऱ्या फुलांची परडी घेऊन.

"का वं, कोणाच्या खुर्चीवर करून राह्यली?" रीतानं विचारलं.

"वर्षाताईनं सांगतलं. खुर्ची रिकामी हाय, बस म्हने," सुकेशनी घाबरून म्हणाली.

"अन् कैची?"

सुकेशनीनं हातातली कैची खाली ठेवली. रीतानं उचलून उजेडात धरली. "काय कापलं ह्या कैचीनं?"

"वॅक्सच्या पट्ट्या."

"केसाची कैची हाय ते बाई. कपडा कापला की धार गेली." ती ओरडली नाही. पोरीला म्हणाली, "तू आपलं काम पुरं कर. बाईले अर्ध्या हातानं उठवू नको."

तोवर वर्षाराणी आतून आली. "चार दिवस खुर्ची मोकळी राह्यली रीता. बाया येतात अन् वापस जातात. बोर्डावर माहं नाव हाय, तुहं नाई. आता दहा ते सात बसा लागन. अन् सुट्टी सांगून नाई, इचारून."

"हजेरी पगारवाल्याची घेतात ताई. मी पगार घेतो का तुमचा?"

"मंग दसऱ्यापर्यंत दुसरीकडं पाह्य. सुकेशनी बसन."

त्याच आठवड्यात ऊसतोडीचा मुकादम मोहनसिंग तांड्यावर नावं घ्यायला आला होता. बादलला त्यानं विचारलं, "पुरा कोयता का अर्धा? पोळ्यापर्यंत सांग." रीतानं हे मला नळावर सांगितलं. "बादल काय म्हणाला?" मी विचारलं. "काई नाई. तू सांग म्हने." कळशी भरून वाहू लागली तरी तिनं हात पुढे केला नाही. खुर्ची गेली तर पुन्हा कोयता, आणि पोरगी एक तर सासूजवळ नाही तर उसाच्या फडात. मानोऱ्यात दुसऱ्या कोण्या पार्लरात खुर्ची मोकळी नव्हती. ते तिनं आधीच विचारून पाहिलं होतं.

सोमवारी माझा उपवास होता. दुपारी रीता आली. "काकू, मी आबाजीकडं जाऊन राह्यली. तुमी नुसत्या येऊन बसा."

आबाजी म्हणजे मारोतराव, वर्षाराणीचे सासरे. गाळा त्यांच्या नावावर. ओसरीत बाजेवर बसून ते सुपारी कातरत होते. रीता खाली बसली.

"आबाजी, नाल्याजवळचं वावर जगदेवनं मक्त्यानं केलं ना?"

मक्ता म्हणजे ठरलेली रक्कम देऊन वर्षासाठी शेत करायला घेणं. आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक.

"केलं ना. दोन साल झाले."

"त्यानं एक पट्टी पडीत ठेवली म्हनतात."

"ठेवली. पानी साचते तिथी."

"मंग तुमी तिथी तूर काहून नाई टोबली?"

मारोतराव हसायला लागले. "येडी का काय वं! मक्त्यानं देल्लं वावर मी कसा पेरू? पाडव्यापर्यंत त्याचं हाय. पेरो नाई तर उलथा झोपो त्याच्यात."

"मंग माही खुर्ची?"

अडकित्ता थांबला. त्यांनी आत हाक मारली. वर्षाराणी पदराला हात पुसत दारात आली. तिनं सगळं ऐकलंच होतं.

"मामाजी, वावराले बोर्ड नसते," ती म्हणाली. "गिऱ्हाईक माह्या नावानं येते. खुर्ची रिकामी दिसली की लोकं माह्या दुकानाले नाव ठेवतात. तीन सालापासून हे नाव मी कमावून राह्यली."

"हेही खरंच हाय," मारोतराव म्हणाले. मलाही ते पटलं. एवढं दुकान तिनं एकटीनं उभं केलं, तेव्हा याच घरात तिला कमी टोमणे नव्हते.

रीता म्हणाली, "मास्तरीनबाईच्या तोंडाचं झालं तवा बोर्ड कोणाचा होता ताई? चूक झाली की मी भाडेकरू, अन् तीजेले गेली की नौकर? एक कोनतं तरी ठरवा. नौकर म्हना, महिन्याच्या महिन्याले पगार द्या, मी उद्यापासून दहाले हजर. हात जोडून सुट्टी मागीन."

"पगार मले परवडते काय?" वर्षाराणी पटकन बोलली.

"झालं मंग," मारोतराव म्हणाले. "पाडव्यापर्यंत खुर्ची तिची. भरेल असो का रिकामी. पाडव्याले तुमी दोघी पाहा, द्याची तर द्या, नाई तर नोका देऊ."

रीता उठली नाही. "आबाजी, कागद करून द्या."

त्यांचा चेहरा उतरला. "माह्या शब्दावर भरोसा नाई तुले?"

"तुमच्यावर हाय. पन वावर जागचं हालत नाई, आबाजी. खुर्ची उचलून मांगच्या खोलीत ठेवता येते."

यावर ते इतके हसले की ठसका लागला, आणि वर्षाराणीनंच पाणी आणून दिलं. मग तीही खाली बसली. "लिहा काकू," ती मला म्हणाली, "पन माहं बी एक लिहा. जाचं असन तर दोन दिवस पहिले सांगा लागन, अन् आरशावर चिठ्ठी लावा लागन, किती वाजता येनार हाय ते."

"सांगतो," रीता म्हणाली. "इचारत नाई."

"अन् सुकेशनीचं काय? तिले मी बोलावलं, आता हाकलून देऊ?"

रीता म्हणाली, "मी नसन तवा बसू द्या. पन मले इचारून. अन् कैची आपली आनाची."

मी सगळं लिहिलं. दोघींनी सह्या केल्या. मारोतरावांनी खाली मक्त्याच्या कागदावर करतात तशीच लांब सही ओढली. सुकेशनीनं नंतर कैचीला धार लावून आणून दिली, कुणी न सांगता. त्या संध्याकाळी देवाजवळ दिवा लावताना मी दोघींचीही नावं घेतली. एकीचं घेऊन दुसरीचं सोडावं असं मला वाटलं नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बादलनं मोहनसिंगला अर्धा कोयता सांगितला. मुकादम कुरकुरला. "बायको मेमसाब झाली काय तुही?" बादल म्हणाला म्हणे, "व्हय. तुही बी पाठव, रीता भुवया करून देईन."

दसऱ्यानंतरच्या मंगळवारी बादलला आणि बाकीच्या कोयत्यांना घेऊन तांड्यावरून ट्रक निघाला. रीतानं रविवारीच वर्षाराणीला सांगितलं होतं आणि आरशावर चिठ्ठी लावली होती, बारा वाजता येणार. सकाळी मी खिडकीवरून गेले तर खुर्ची रिकामी होती. दोन बाया वाट पाहत होत्या. एक म्हणाली, "ही तं मोकळीच हाय. बसू का मी?"

"ते रीताची हाय," वर्षाराणी हातातल्या गिऱ्हाइकाच्या केसांवरून नजर न काढता म्हणाली. "बारा वाजता येईन म्हने. थांबा नाई तर सांजच्याले या."

पाडव्याला ती खुर्ची पुन्हा देणार की नाही, ते वर्षाराणीनं अजून सांगितलेलं नाही. रीतानंही विचारलेलं नाही. त्या मंगळवारी ती पावणेबारालाच आली. डोळे लाल होते. तोंड धुतलं, खुर्चीला हळदकुंकू लावलं आणि थांबलेल्या बाईला म्हणाली, "या ताई, बसा."