मालकांना इंजेक्शन कोणी दिलं?

आमच्या शिवणाच्या दुकानात मालक एकच, आणि तो बोका आहे. चौदा वर्षांचा, करडा, डाव्या कानाला खाच. कापायच्या टेबलावर मधोमध झोपतो, आणि दादा त्याच्या भोवतीनं कापड पसरतो, पण त्याला उठवत नाही. गिऱ्हाईक आलं आणि "मालक आहेत का?" म्हणालं, की मी सांगते, "आहेत, पण झोपलेत."

दादा माझा थोरला भाऊ. कापणी त्याची, शिलाई वहिनीची, काजं-बटणं माझी. आणि बोलणंही सगळं माझंच, कारण तो माणूस तोंड उघडेल तर शपथ! दादा बोलतो खडूनं. कापून झालं की गठ्ठ्यावर फुली मारतो. फुली दिसली की वहिनी शिवायला घेते. सव्वीस वर्षं दुकान असंच चाललंय आणि वरच्या मजल्यावरचा संसारही. मला तर वाटतं, ह्यानं वहिनीला मागणीसुद्धा खडूनंच घातली असेल.

तर मालकांना मधुमेह निघाला. वाडगेच्या वाडगे पाणी पीत सुटले, अंगावरचं मांस उतरलं, चालताना मागचे पाय घोट्यापर्यंत जमिनीला टेकायला लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोज दोन इंजेक्शनं. सकाळी आठ, संध्याकाळी आठ. आधी पोटभर खायला द्यायचं, खाल्लं तरच टोचायचं. नेमानं केलंत तर अजून काही वर्षं आरामात काढेल."

दादानं ती एवढीशी सुई बघितली आणि पांढराफटक पडला. अरे, जन्म गेला ना तुझा सुयांमध्ये!

"कापड ओरडत नाही," एवढंच म्हणाला.

मग टोचायचं काम वहिनीच्या गळ्यात पडलं. पद्धत न बोलताच ठरली. दादा मालकांना खायला घालायचा आणि फ्रिजशेजारच्या कपाटावर खडूनं फुली मारायचा. वहिनी जिन्यावरून खाली आली की फुली बघायची, फ्रिजमधून औषध काढायची आणि टोचून झालं की फुली पुसून टाकायची. आठ दिवस कसं अगदी सुरळीत चाललं.

पण दादाच्या मनात वेगळंच शिजत होतं. एका दुपारी मी मागच्या खोलीत गेले तर हा कोटाच्या खांद्यात घालायची गादी चिमटीत धरून बसलेला, आणि तिला सिरिंजनं पाणी टोचतोय! गादी चिंब झालेली. मला बघून ओशाळला. "हिला सांगू नकोस," म्हणाला. आणि मी खरंच नाही सांगितलं हो. आयुष्यात एकदा तोंड बंद ठेवलं आणि तेच नडलं.

नवव्या दिवशी सकाळी दादानं मालकांना उकडलेली कोंबडी घातली आणि दुकानात कोणी नाही बघून स्वतःच इंजेक्शन दिलं. पहिल्या झटक्यात! मालकांनी मिशीसुद्धा हलवली नाही. दादाची स्वारी इतकी खूश झाली की काय सांगू. आणि काम झालं की दादाचा हात कुठे जातो? खडूकडे. कपाटावर फुली मारली आणि अस्तराचं कापड आणायला बाजारात निघून गेला.

सव्वाआठला वहिनी खाली आली. फुली दिसली. म्हणजे मालक जेवले, आता माझं काम. तिनं टोचलं, फुली पुसली, मशीनवर बसली.

मी बटणं लावत होते. अकराच्या सुमाराला मालक टेबलावरून उठले, तर पाय एकीकडे आणि धड दुसरीकडे. डोळे मोठे झालेले, मान हलतेय. धप्पकन आडवेच झाले. तेवढ्यात दादा दारात. चेहरा नुसता उजळलेला, आणि स्वतःहून बोलला, "अगं, आज मी दिलं!"

वहिनी म्हणाली, "काय दिलं?"

"इंजेक्शन."

वहिनीचा पाय मशीनवरच थिजला. "अहो... मीही दिलं."

बाई गं! मी फोन लावला. डॉक्टरीणबाई ओरडल्या, "साखर घसरली असणार! साखरेचं दाट पाणी बोटानं हिरड्यांना चोळा आणि तडक घेऊन या!" वहिनीनं पाणी केलं, माझ्या हातातून निम्मं सांडलं, उरलेलं तिनं चोळलं. दादानं हाताला लागला तो उद्या द्यायचा कोट ओढला, मालकांना त्यात गुंडाळलं आणि पळत सुटला. साठीला आलेला माणूस, एका पायात चप्पल! आणि ओरडत होता. "सरका! वाट द्या! सरका!" समोरचे घड्याळवाले काम टाकून उभे राहिले. मला म्हणाले, "ह्यांना आवाज आहे?"

दवाखान्यात साखर भरली अडतीस. सलाईन लावलं. "दोघांनी दिलं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एका घरात राहता ना? एकमेकांना सांगता येत नाही?"

दादा बाकावर बसला. "मीच मारलं त्याला," म्हणाला आणि ढसाढसा रडायला लागला. वहिनीनं त्याचा खडूनं पांढरा झालेला हात धरला. "दुसरं इंजेक्शन माझं होतं," ती म्हणाली.

तासभर आम्ही तिघं त्या खाच पडलेल्या कानाकडे बघत होतो. कान हलला. मग शेपूट. मग मालकांनी डोळे उघडले आणि डॉक्टरीणबाईंच्या बोटाला कडकडून चावा घेतला! मी बाकावरून उडीच मारली. चावा हो मालक, हवं तेवढं चावा! बाईही हसत होत्या, रक्त पुसत.

घरी येताना दादा म्हणाला, "यापुढे जो देईल त्यानं ओरडून सांगायचं." आणि दुसऱ्या दिवसापासून सुरू. सकाळी आठला दादाची आरोळी, "दिलं!" वरून वहिनी, "ऐकलं!" संध्याकाळी तिची पाळी. चार महिने एक दिवस चुकला नाही. घड्याळवाले त्यावर घड्याळं लावायला लागले. थट्टा करायचे, पण आरोळीला दोन मिनिटं उशीर झाला की दारात येऊन उभे!

मालक भरले. पाय सरळ पडायला लागले. डॉक्टरीणबाई दर पंधरा दिवसांनी औषध कमी करत गेल्या, आणि परवा म्हणाल्या, "आता बंद. साखर आपली आपण ताब्यात राहतेय. काही मांजरांचं होतं असं. तपासायला मात्र आणत राहा."

काल सकाळी आठ वाजले. सवयीनं घड्याळवाले दारात. दादा उंबऱ्यावर आला, छाती भरून श्वास घेतला.

"आज नाही दिलं!"

घड्याळवाल्यांचा चेहराच पडला.

"द्यायचंच नाही! मालक बरे झाले!"

अहो, काय सांगू! घड्याळवाल्यांनी शिट्टी मारली, शिट्टी!

आतून वहिनी म्हणाली, "अहो, गल्लीला काय सांगताय? इकडे या, मला सांगा."

दादा आत गेला. तिच्या मशीनशेजारी स्टूल ओढून बसला आणि सांगायला लागला. गादीला टोचत होता तेव्हापासूनचं, त्या दिवशी धावताना कोटातलं धुगधुगणं हाताला लागत होतं तेही, सगळं. मशीन अर्धा तास बंद होतं. मी एकदाही मध्ये बोलले नाही.