उलटा हात

रशीदभाई कोणाचाही व्हिडिओ आधी बघत नसत. फोन टेबलावर पालथा घालायचे, मान खाली घालून अख्खं गाणं ऐकायचे आणि मगच फोन सुलटा करायचे. "पह्यले आयकाव," ते म्हणत. "डोये लय लबाड असतेत. हात चकाचक फिरून राहिला दिसला, का ते कानाले बोलूच देत नाहीत."

अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांचं कूलरचं दुकान होतं. दिवसा पत्रा कापायचा, वाळ्याच्या ताट्या भरायच्या, पंप बसवायचे आणि लग्नसराईत मनोहरभाऊंच्या ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचे. बावीस वर्षं ते त्या एकाच ऑर्केस्ट्रात, एकाच स्टुलावर बसले. मी अमरावतीला एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. दिवसभर परीक्षानळ्या धुवायच्या आणि संध्याकाळी गच्चीवरच्या खोलीत, शेजाऱ्यांचे टोमणे खात, ड्रम बडवायचे. आमची गाठ पडली ती मोबाइलवरच्या ‘ठोकेवाले’ नावाच्या ग्रुपवर. अमरावती, अकोला, परतवाडा, मूर्तिजापूर इकडचे चाळीसेक ड्रमवाले त्यात होते. दर रविवारी सिनेमातलं एक गाणं ठरायचं, ज्याने त्याने त्यावर वाजवून व्हिडिओ टाकायचा आणि मग पुढचा रविवार येईपर्यंत सगळ्यांनी मिळून भांडायचं. स्टिक मनगटातून फिरवायची की बोटांतून, एवढ्यावरून दोन चांगल्या मित्रांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं.

ग्रुपचे नियम रशीदभाईंनी घालून दिलेले. व्हिडिओ कच्चाच टाकायचा, त्यात काटछाट करायची नाही. हात दिसले पाहिजेत, चेहरा नाही दिसला तरी चालेल. "तोंड कायले दाखोता? सोयरीक जमवाची हाय का?" आणि नुसता अंगठा वर करून मोकळं व्हायचं नाही. ठोका कुठे घसरला ते लिहायचं, नाहीतर गप्प बसायचं. कौतुक करणाऱ्याचा त्यांना मनापासून राग यायचा. परतवाड्याच्या एकाने एकदा सुसाट वाजवलेला व्हिडिओ टाकला. लोकांनी वाहवा केली. रशीदभाईंनी एक तासाने लिहिलं, "गाणं चाललं पायी, तू चालला गाडीवर. स्टॅन्डवर भेटसान." तो पठ्ठ्या आठ दिवस रुसून बसला आणि नवव्या दिवशी तेच गाणं सुधारून वाजवून टाकलं.

माझ्यावर त्यांनी मेहनतही घेतली. मला एक आडवा ठेका काही केल्या जमत नव्हता. त्यांनी भर दुपारी फोन केला, कानाशी फोन धरून समोरच्या पत्र्यावर तासभर तो ठेका वाजवला, मध्येच आलेल्या गिऱ्हाइकाला "थांब न बाप्पा, इथं शाळा भरून राहिली" म्हणून बसवून ठेवलं. मला तो ठेका आला. पण माझ्या व्हिडिओवर त्यांनी कधी ‘जमलं’ म्हणून लिहिलं नाही. अकरा व्हिडिओ मी टाकले आणि अकराही वेळा काहीतरी खोट निघाली. शेवटचं तर माझ्या फार जिव्हारी लागलं. "सुधीर, हात तुहा चांगला हाय. गाणं तेवढं तू आयकत नाही." चाळीस लोकांसमोर! माझ्यासारख्या हौशी माणसाचा अहंकार व्यवसायाच्या वाजवणाऱ्यापेक्षा मोठा असतो, कारण त्याच्यापाशी दुसरं काही नसतं. मी तो राग मनात ठेवला.

दिवाळीनंतर त्यांच्या स्वतःच्या व्हिडिओंत फरक दिसू लागला. पूर्वी ते एकाच ठेक्यात चार बारीक करामती करायचे, आता वाजवणं साधं झालं होतं. मान वर करून हात उडवणारे रशीदभाई आता पाढे म्हटल्यासारखं सरळ वाजवत होते. लोक म्हणाले, वय झालं. मी मात्र एकेक व्हिडिओ थांबवून थांबवून पाहू लागलो. चूक शोधायची म्हणूनच पाहत होतो, हे आज कबूल करतो. आणि एका रविवारी ती सापडली. शर्टाचा खिसा उजव्या छातीवर होता.

आता यात काय एवढं, असं कोणालाही वाटेल. पण ड्रमवाल्याच्या डोक्यात लगेच घंटा वाजते. पुरुषांच्या शर्टाला खिसा डावीकडे असतो. तो उजवीकडे दिसतो म्हणजे चित्र आरशातल्यासारखं उलटवलेलं आहे. हाय-हॅट, म्हणजे पायाने उघडमीट होणाऱ्या जोडझांजा, आम्ही उजवे लोक डाव्या बाजूला मांडतो आणि डावखुरे उजव्या बाजूला. व्हिडिओत त्या वाजवणाऱ्याच्या डावीकडे होत्या, म्हणजे खऱ्या खोलीत उजवीकडे. वाजवणारा माणूस डावखुरा होता. रशीदभाई डावखुरे नव्हते. चेहरा तर दिसतच नव्हता. मी मनातल्या मनात निकाल देऊन टाकला की त्यांनी कुणा डावखुऱ्याचा व्हिडिओ मिळवला, उलटवला आणि स्वतःचा म्हणून खपवला.

मी ग्रुपवर लिहिलं, "उस्ताद, खिसा उजवीकडे कधीपासून शिवायला लागले?" आणि खाली चित्रावर लाल गोल करून टाकला. मग सगळा हिशेब समजावून सांगितला. मला इतका आनंद झाला होता की मी चहा प्यायचा विसरलो. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर हसण्याचा पूर आला. नियम घालून देणाराच नियम मोडतो, अकोल्याचा उस्ताद उसन्या हाताने वाजवतो, असं बरंच काही. ज्यांच्या ज्यांच्या ठोक्यात त्यांनी खोट काढली होती, ते सगळे हात धुऊन घेत होते. रशीदभाईंनी दिवसभर सगळं वाचलं. सातच्या सुमाराला ते ग्रुपमधून बाहेर पडले.

दोन दिवसांनी मनोहरभाऊंचा फोन आला. तेही ग्रुपवर होतेच. "सुधीरभाऊ, रशीदचं काई खरं नाही राहिलं. व्हिडिओबी दुसऱ्याचे टाकून राहिला म्हणजे हात गेला त्याचा. या सीझनले तुमी बसता का?" मी एका दमात हो म्हणालो. बायकोला सांगून पेढे आणवले.

पहिल्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तालमीला अकोल्याला गेलो. ऑर्केस्ट्राच्या मोठ्या झांजा रशीदभाईंच्या घरी असायच्या, त्या ते कोणाला पुसूही देत नसत. मनोहरभाऊंना त्यांच्या दारात जायची लाज वाटत होती, म्हणून त्यांनी मला पाठवलं. मला तीही वाटली नाही. चोराच्या घरी जाताना कसली लाज?

दार त्यांनीच उघडलं. मला ओळखलं आणि डावा हात पुढे केला. "उलटा हात देऊन राहिलो, माफ करजो." डाव्या हाताला आमच्याकडे उलटा हातच म्हणतात. जेवायला, द्यायला, घ्यायला तो पुढे करत नाहीत, आणि हा तर रीतभात सांभाळणारा माणूस. त्यांचा उजवा हात अंगाशी नुसता लोंबत होता. अंगठ्याच्या बुडाचं मांस आटून तिथे खळगा पडला होता.

झांजा मागच्या खोलीत होत्या. तिथे कूलरच्या पत्र्यांच्या थप्पीशेजारी त्यांचा ड्रम सेट मांडलेला होता. हाय-हॅट उजवीकडे. सगळा सेट उलटा. उजव्या बाजूच्या स्टिकला सायकलच्या ट्यूबचा कापलेला पट्टा बांधलेला होता, तळव्यात अडकवायला. मी दारातच उभा राहिलो.

"मागच्या उन्हाळ्यात पत्रा कापता कापता हातातून कात्री गयली," ते स्टुलावर बसत म्हणाले. "वाटलं घामानं गयली. मंग जेवता जेवता घास गयला. नागपूरचा डॉक्टर म्हणे, नसाईचा रोग हाय, चढत जाते. या हातातून त्या हातात, मंग गळ्यात. म्हटलं, त्या हातात येयेपरेंत तं तो हात माहाच हाय न! सेट फिरोला आन् बसलो शिकाले." अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. जन्मभराची सवय मोडून पाटी कोरी केली होती त्याने. "सुद्या हाताले, या उजव्याले, आता पेन्शन देल्ली. दुसऱ्या आन् चौथ्या मात्रेले येऊन हजेरी लावते, बाकी बसून असते."

"मग ग्रुपवर का नाही सांगितलं, हात माझाच आहे म्हणून?"

"कसं सांगू? मनोहर ग्रुपवर हाय. हात माहा हाय म्हटलं, तं उलटा कावून हाय तेबी सांगा लागते. त्यानं त्याच दिवशी दुसरा पाह्यला असता. त्याचीबी चूक नाही, त्याले लोकाईची लग्नं निभवा लागतेत. मले फक्त सीझनपरेंत टाइम पाह्यजे होता. तयार झालो असतो, तं मीच त्याच्यापुढं बसून वाजवून दाखोलं असतं, का घे, आता बोल."

तेवढेच थोडे दिवस त्यांना हवे होते. ते मी एका लाल गोलात संपवले, आणि वर त्यांच्या स्टुलावर बसायला निघालो होतो. मी माफी मागितली. रडलोही. त्यांना माझं रडणं आवडलं नाही.

"माफी-बिफी राहू दे. तू खिसा पाह्यला. ठोका आयकला असता तं तुले कयलं असतं का हा माहाच हाय." मग म्हणाले, "बरं, शंका आली तं आली. फोन कावून नाही केला? नंबर होता न तुह्यापाशी."

मी म्हणालो, आत्ताच्या आत्ता ग्रुपवर खरं लिहितो, मनोहरभाऊंनाही सांगतो. तेव्हा मात्र ते भडकले. "खबरदार! चोर म्हटलं का लोक चिडतेत, भांडतेत. मानसाले मानूस समजतेत. बिचारा म्हटलं का खेळ खतम. बिचाऱ्याच्या ठोक्यात कोनी खोट काढत नाही. मले बिचारा करशीन तं तोंड पाह्यनार नाही तुहं. शब्द दे." मी शब्द दिला. त्यांनी तो डाव्या हातात घेतला.

स्टूल सोडतो म्हणालो, तर तेही ऐकलं नाही. "मी काई आता त्याच्यावर बसत नाही. तू बस, आन् नीट वाजव." तो सीझन मी वाजवला. एकाही लग्नात मन लागलं नाही. दर रविवारी मी त्यांना एकट्याला व्हिडिओ पाठवायचो. भाभी, म्हणजे त्यांच्या पत्नी, फोन त्यांच्या उशाशी पालथा घालायच्या आणि मग त्यांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवायच्या. आधी पाच-पाच मिनिटं खरडपट्टी काढायचे. हळूहळू शब्द जड झाले, लांबले, एकमेकांत गुंतले. मागून भाभी अर्थ सांगू लागल्या. डावा हातही गेला, तेव्हा भाभींनी फक्त एवढंच कळवलं की सेट बांधून माळ्यावर टाकला. शेवटचे दोन महिने ते एकच शब्द म्हणायचे, "पुन्ना." मी पुन्हा वाजवायचो. ते पुन्हा म्हणायचे, "पुन्ना."

पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर ते गेले. मी अकोल्याला जाऊन माती देऊन आलो. ऑर्केस्ट्रातलं कोणी नव्हतं. परतीच्या बसमध्ये ग्रुप उघडला. बातमी पोचली होती. परतवाड्याच्या त्याच पठ्ठ्याने लिहिलं होतं, "मोठा माणूस होता. अखेरीस दुसऱ्याचे व्हिडिओ टाकायची बुद्धी झाली, पण जाऊ द्या." खाली पंधरा-वीस जणांनी ‘जाऊ द्या’ म्हणून त्यांना माफ केलं होतं.

मूर्तिजापूर येईपर्यंत मी दिलेला शब्द पाळला. मग राहवेना. कात्री गळाली तिथपासून सायकलच्या ट्यूबपर्यंत मी सगळं लिहिलं, माझी चूक लिहिली, आणि पाठवून दिलं. त्यांच्यासाठी करतोय असं वाटत होतं. खरं तर मला माझ्या मानेवरचं ओझं उतरवायचं होतं, आणि पुन्हा एकदा मी त्यांना न विचारता ग्रुपवर लिहिलं होतं.

उत्तरं लगेच यायला लागली. बिचारे रशीदभाई. बिचारा माणूस. काय नशीब बिचाऱ्याचं. हात जोडलेली चित्रं एकाखाली एक. मनोहरभाऊंनी लिहिलं, "बिचाऱ्यानं सांगतलं असतं तं काई मदत केली असती." मी बडनेऱ्यापर्यंत वाट पाहिली. उलट्या हाताने हाय-हॅट कशी लागत होती, दुसरी मात्रा मागे पडत होती का, असं एकानेही विचारलं नाही. कोणी भांडलं नाही. मी मेसेज पुसायला गेलो, पण तो सगळ्यांनी वाचलेला होता.