देठाला कोण विचारतं?

फूल हातात आलं की मावशींचा अंगठा चाललाच. खुट्! फूल एकीकडे, देठ दुसरीकडे. अशा खोडीची माणसं तुमच्याही शेजारी असतील. पण आमच्या मावशींची बातच वेगळी.

त्या मूळच्या अलिबागकडच्या ज्यू, इस्रायलमधल्या रामल्यात माझ्या शेजारीण. बासष्टच्या हिवाळ्यात आम्ही दोघी गावाबाहेरच्या टेकड्यांवर रानफुलं तोडायला जाऊ लागलो. लाल कलानियोत, म्हणजे ॲनिमोनची फुलं, नुसती माजलेली असत! गुरुवारी तेल अवीवच्या व्यापाऱ्याचा ट्रक येई. शाब्बाथला, म्हणजे शनिवारच्या पवित्र सुट्टीला, घरोघरी फुलं लागत.

पहिल्याच गुरुवारी मावशींनी त्याच्यापुढे ओटीभर बिनदेठाची फुलं ओतली. त्याने कपाळावर हात मारला. "बाई, देठ कुठेत? लोक फुलदाणीत ठेवणार काय?"

माझ्या मोडक्या हिब्रूने मी मध्ये पडले. मावशी मराठीतच कडाडल्या, "फूल केसांत माळतात, नाहीतर ओवतात. देठाला कोण विचारतं? सांग गो त्या शहाण्याला!"

पुढे त्या लांब देठ तोडायला शिकल्या, पण दर गुरुवारी हे भांडण व्हायचंच. दोघांनाही त्याशिवाय चैन पडत नसे.

चौसष्टात मावशींच्या एकुलत्या एका मुलाचं लग्न ठरलं. नवऱ्या मुलाच्या कपाळाला फुलांचा सेहरा हवा, तोही आपल्या हातचा, एवढी एकच त्यांची हौस. आणि नेमकी तेव्हाच रानफुलं तोडायला सरकारची बंदी! बस स्टँडवर फुलांची चित्रं लागली, खाली ताकीद. मळ्यातली विकतची फुलं मावशींना परवडणारी नव्हती.

"चार फुलं तोडली तर कोण बघतंय?" मी म्हटलं.

"चोरीची फुलं पोराच्या कपाळाला बांधू? तोंड सांभाळ!" असं म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. मला फार वाईट वाटलं. मी व्यापाऱ्याच्या कानावर घातलं खरं, पण आशा कसली धरणार?

लग्नाच्या दिवशी सकाळी दारात ट्रकचा भोंगा वाजला. बंदीनंतर व्यापारी मळ्यातली कार्नेशनची फुलं विकायचा. त्याने मावशींपुढे टोपली ठेवली. आत नुसती फुलं, एकालाही देठ नाही. "जुड्या बांधताना मोडली. गिऱ्हाईक घेत नाही," तो गंभीरपणे म्हणाला. मग चक्क मराठीत, "देताला कोन विचारता?"

मावशी रडता रडता हसत सुटल्या. दुपारपर्यंत सेहरा ओवून झाला. सिनेगॉगमध्ये नवरा मुलगा शिंकून शिंकून बेजार, आणि मावशी बघतायत कशा, जणू राजाच उभा आहे.

मावशींना जाऊन बरीच वर्षं झाली. शुक्रवारी माझी नात लांब देठांची फुलं आणते. मी त्यातलं एक खुडते आणि केसांत खोचते.

"सावता! देठ का मोडलास?" ती हिब्रूत ओरडते; सावता म्हणजे आजी.

मी मराठीत उत्तर देते.