चॉकलेटांचं बोरन्हाण

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत संक्रांतीनंतर लहान मुलांचं एकत्र बोरन्हाण करतात. काळे कपडे, हलव्याचे दागिने घालून पोरांना पाटावर बसवायचं आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतायचे. मोठी मुलं ते वेचायला तुटून पडतात. त्यात चॉकलेटं कधी शिरली ते कुणालाच आठवत नाही. आम्हाला ते कौतुकाचंच वाटलं.

नात तीन वर्षांची होती त्या वर्षी महिला मंडळाची अध्यक्ष मी होते. चॉकलेट आणि वेफर्स विकणाऱ्या एका कंपनीचा माणूस घरी आला. फुगे, पाकिटं, पाकिटावरच्या अस्वलाचा वेश केलेला माणूस, सगळं ते आणणार. आम्ही फक्त बॅनर लावू द्यायचा. मंडळातली एकजण म्हणाली, "ताई, बोरं तरी आपली ठेवूया ना." तिला मी गप्प केलं. किडक्या बोरांचं कसलं कौतुक, म्हटलं. मला मिरवायची हौस फार, आजही आहे.

नातीच्या डोक्यावर पहिलं भांडं मी ओतलं. अस्वलाने तिला कडेवर घेतलं, सगळ्यांनी फोटो काढले. पुढे कुठल्याही दुकानात ती ते पाकीट बरोबर ओळखायची. अक्षरओळख व्हायची होती, पण अस्वल तिला वाचता यायचं. आम्ही ते पाहुण्यांना करून दाखवायचो.

आता ती नऊ वर्षांची आहे. ठाण्याच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून सांगितलं, यकृतावर चरबी साठलीय, साखरही काठावर आहे. सून रडली. मी रडले नाही. घरी येऊन कुकर लावला, शिट्ट्या मोजल्या. रडू यायला हवं होतं, आलं नाही. अजूनही येत नाही.

मुलांना भुलवणाऱ्या अशा जाहिरातींवर सरकारने बंधन घालावं म्हणून सून हल्ली शाळेतल्या पालकांच्या सह्या गोळा करते. परवा तिने तो कागद माझ्यापुढे ठेवला.

"सरकार काय आपल्या घरी येऊन डबा भरणार आहे का?" मी म्हटलं. "आपलं पोर आपण सांभाळायचं. नाही म्हणायला शिकायचं."

ती जराही चिडली नाही. "आई, तो कंपनीचा माणूस आलेला तेव्हा तुम्ही बँकेत मॅनेजर होतात," ती म्हणाली. "तुम्हाला नाही म्हणता आलं नाही. ही तर तीन वर्षांची होती."

मी सही केली.

नात शेजारी बसून बघत होती. "आजी, आता मी बरी होणार ना?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही.