बारा मीटर कापड

कुंदूझला आया दोन. एकीनं जन्म दिला, दुसरीनं वाढवलं. पहिलं नातवंड आजीच्या पदरात घालायचं ही किर्गिझस्तानातल्या नारीनकडची रीत, म्हणून आजीला ती ‘आपा’, म्हणजे आई म्हणायची, आणि सख्ख्या आईला नावानं हाक मारायची. बिश्केकच्या विद्यापीठात तिला ग्राफिक डिझाइनला प्रवेश मिळाला तेव्हा गावानं नाकं मुरडली. आपा एवढंच म्हणाली, “चित्रं काढायला चार वर्षं? माझा लोकरीचा गालिचा एका हिवाळ्यात होतो. जा बाई, तुझा हात सावकाश चालत असेल.”

शेवटच्या वर्षी पदवीच्या कामासाठी कुंदूझनं आपालाच घेतलं. बारा मीटर सुती कापड, आणि त्यावर जाळीच्या चौकटीतून रंग ओढून छापलेलं आपाचं अख्खं आयुष्य. चेहरा कुठंच नाही, नुसते हात. पाळणा हलवणारे, घोडीचं दूध काढणारे, लोकर कातरणारे, आणि अगदी शेवटच्या टोकाला चहा ओतणारे.

आपाची अट एकच होती. “मास्तरांच्या आधी मला दाखवायचं. हात माझे आहेत.”

“एप्रिलमध्ये घेऊनच येते गं.”

एप्रिलमध्ये कापड तयार झालंसुद्धा. पण एर्मेक आगायनी, म्हणजे तिच्या मास्तरांनी, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “लाल बोलत नाहीये.” तिनं दुसरं कापड आणून पुन्हा छापलं. “आता ओरडतोय,” आगाय म्हणाले. माणूस वाईट नव्हता, रंगाच्या बाबतीत छळवादी होता इतकंच. आणि खरं सांगायचं तर कुंदूझलाही वर्गात पहिलं यायचं होतं. ती दोन्ही कापडं छपाईच्या चौकटी पुसण्यात संपली, आणि तिनं तिसरं घेतलं.

दर रविवारी आपाचा फोन. “येतेस ना?”

“पुढच्या आठवड्यात, आपा. लाल जमला की लगेच.”

“कसला मेला लाल! मला आता लाल काय नि काळा काय, सगळं सारखंच दिसतं.”

कुंदूझ हसली होती. त्या हसण्याचा तिला पुढं फार राग आला.

मे संपता संपता लाल जमला. दुसऱ्याच दिवशी घरून फोन आला, आपानं अंथरूण धरलंय. कुंदूझनं कापडाची गुंडाळी पिशवीत घातली आणि मिळेल त्या गाडीत बसली. घाटात फोन लागेना. गावात उतरली तर अंगणात लोकरी तंबू उभा, आणि बाहेर काठ्यांवर वाकून पुरुष आक्रोश करताहेत. तंबू कशासाठी उभारतात हे तिला कुणी सांगायला नको होतं. पिशवी ओट्यावर टाकून ती आत धावली.

दोन दिवस ती बायकांमध्ये भिंतीकडं तोंड करून बसली. शोकगीतं म्हणून घसा बसला. तिसऱ्या दिवशी पुरुष आपाला घेऊन गेले, आणि बाहेर फर्र फर्र कापड फाडल्याचा आवाज सुरू झाला. भरल्या वयात गेलेल्या माणसाचं आयुष्य आपल्यालाही लाभावं म्हणून आलेल्या प्रत्येक बाईला कापडाचा तुकडा देतात. आपा सत्त्याऐंशीची होती. बाजारातून आणलेलं कापड असेल, कुंदूझला वाटलं.

एवढ्यात तिची आत्या, तुर्दुगुल, आत आली आणि तिला कवटाळून रडली. “नाव काढलंस गं! कापड कमी पडलं म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. तुझ्या पिशवीत बघते तर एवढी मोठी गुंडाळी! शहरात राहूनसुद्धा रीत विसरली नाहीस.”

कुंदूझ तशीच उठली. ती बाहेर आली. अंगणातून बायका परतत होत्या, कुणाच्या हातात पाळण्याची दोरी, कुणाच्या मुठीत नुसती दोन बोटं.

“छाप तरी किती छान!” एक म्हातारी म्हणाली. “देव तुला उदंड आयुष्य देवो.”

मर्तिकाच्या घरी दिलेलं परत मागता येत नाही. “आपासाठीच आणलं होतं,” कुंदूझ म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. आत्यानं उरलेला तुकडा तिच्या हातात ठेवला. चहाचा होता.

विद्यापीठात वर्षअखेरीला प्रत्येकानं आपलं काम भिंतीवर लावायचं, मग मुलांना बाहेर काढून मास्तर मंडळी दार लावून गुण ठरवतात. बारा मीटरच्या भिंतीवर कुंदूझनं वीतभर तुकडा टाचला. दार उघडलं आणि एर्मेक आगाय एकटेच बाहेर आले.

“बाकीचं कुठाय?”

“गावात वाटलं.” तिनं सगळं सांगितलं.

आगायनी दार मागं ओढून घेतलं. “यावर पदवी नाही देता यायची, पोरी. पुढच्या वर्षी पुन्हा छाप. आता लाल तर सापडलाय.”

तीन दिवस गावात गळा काढून रडलेली कुंदूझ इथं आवाज न करता रडायला लागली.

“पहिलाच चालला असता, आगाय,” ती म्हणाली. “तिला लाल दिसतच नव्हता.”