अकरा नळ्यांचं जावक रजिस्टर

जयंतकाका रणभिसे रोज सकाळी चहाच्या कपाखाली एक चिठ्ठी सरकवत. 'दुधी आणावा किंवा कसे. आदेशार्थ सादर.' वीणाकाकू ती वाचून खाली पेन्सिलीने लिहीत, 'आणावा. कोवळा.' मग काका पिशवी घेऊन निघत. तोंडी विचारलं असतं तर एका वाक्यात काम झालं असतं. पण तेहतीस वर्षं केंद्र सरकारच्या एका खात्यात आवक-जावक सांभाळलेल्या माणसाचा तोंडी कामावर विश्वास नव्हता. "तोंडी हुकूम म्हणजे वारा," ते म्हणत. "कागद असला की माणूस पकडता येतो." त्या घरात पकडले जायचे ते मात्र नेहमी स्वतःच. एकदा 'पंखा पुसावा' या चिठ्ठीवर काकूंनी 'कोणी?' एवढंच लिहून ती परत पाठवली होती.

मी तेव्हा एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि दिल्लीतल्या मुनिरका गावात भाड्याच्या खोलीत राहत होते. खोलीला खिडकी होती, पण ती दुसऱ्याच्या जिन्यात उघडायची. रस्त्यापलीकडे सरकारी गृहयोजनेच्या, डीडीएच्या फ्लॅटांत, तळमजल्यावर, रणभिसे राहायचे. काका आणि माझे वडील नगरला एका वर्गात होते. कॉलेजच्या फॉर्मवर 'स्थानिक पालक' म्हणून मी काकांचं नाव घातलं होतं, आणि आठवड्यातून तीनदा तिथे जेवायचा तो परवाना आहे असं मी धरून चालले होते.

काकांची मारुती पांढरी होती, दहा वर्षांची. त्या डिसेंबरात थंडी वाढली तशी ती वळणावर बंद पडायला लागली. मेकॅनिक म्हणाला, कार्ब्युरेटर साफ करावा लागेल, सोमवारी या. सोमवार चालणार नव्हता. रविवारी नाताळची मराठी उपासना होती, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या चर्चमध्ये, हिंदूराव हॉस्पिटलच्याही पलीकडे. तिथली पेटी अठरा वर्षं काकूच वाजवत होत्या. ऑक्टोबरात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि तेव्हापासून त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. पाय अजून पुरता वाकत नव्हता, म्हणजे ऑटो बाद. मारुतीची पुढची सीट शेवटपर्यंत मागे सरकवली की पाय लांब करून बसता येतं, हे काकांनी टेपने मोजून ठेवलं होतं.

"टॅक्सी सांगूया ना," मी म्हणाले.

"ऑपरेशनच्या आधी यांनी शब्द दिलाय, नाताळला मी नेतो," काकू काकांकडे न बघता म्हणाल्या. "मी म्हणजे मी. टॅक्सीवाला नव्हे."

"बिल्कुल," काका म्हणाले.

"आणि नाही नेलं तर पेटीवर अहिल्या बसेल. ती पाळणासुद्धा परेडच्या चालीवर वाजवते."

शुक्रवारच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'कार्ब्युरेटर स्वतः उतरवावा किंवा कसे.' काकूंनी खाली लिहिलं, 'रविवार. सकाळी नऊला निघणे.' एवढंच.

काकांची पद्धत पक्की होती. कार्ब्युरेटरभोवतीच्या प्रत्येक रबरी नळीला, ती काढायच्या आधी, फायलीच्या दोऱ्याने पुठ्ठ्याचा एक तुकडा बांधायचा. पुठ्ठ्यावर फक्त नंबर. ती नळी कुठून निघून कुठे जाते हे रजिस्टरमध्ये.

"पुठ्ठ्यावरच लिहिलं तर?" मी विचारलं.

"मग रजिस्टर कशाला?"

रजिस्टर माझ्याकडे आलं, कारण साहित्याच्या मुलीचं अक्षर चांगलं असणार, असा काकांचा समज होता. अक्षर चांगलंच होतं.

काका बॉनेटखालून सांगायचे, "एक नंबर. एअर फिल्टरचा तळ ते इंजिनाचं झाकण." मी लिहायचे. तीनपर्यंत मी प्रामाणिक होते. चौथी नळी कार्ब्युरेटरच्या कुशीतून निघून अशी काही डौलदार वळली होती, की मला वाटलं, नंबर काय कोणालाही असतो, नळीला व्यक्तिमत्त्व असतं. मी लिहिलं, 'हंसाच्या मानेसारखी, खाली डबीकडे झुकलेली.' पाचवीपुढे लिहिलं, 'दोघींमधून संकोचून जाणारी.' एकीपुढे तर, 'हिचं कोणाशी जमत नसावं.' नंबरांचा रकाना मी कोराच ठेवला. क्रमानेच तर लिहितेय, मागाहून भरू. मधे एक चिमटा अडकला म्हणून काकांनी सात-आठ सोडून आधी नऊ काढली, नंतर दहा, मग पुन्हा सात, हे माझ्या कानावर आलं, पण मी त्या वेळी विशेषण शोधत होते. दुपारी जेवताना मी ते पान मनातल्या मनात परत वाचलं आणि मला ते आवडलं, हेही कबूल करायला हवं.

अकराही नळ्या काकांनी, पुठ्ठे बाहेर ठेवून, साबणाच्या पाण्यात टाकल्या. शनिवारी सकाळी, स्वच्छ झालेला कार्ब्युरेटर जागेवर बसवून, त्यांनी त्या वर्तमानपत्रावर मांडल्या. काळ्या, सरळ, मुकाट. नळीला बाक असतो तो इंजिनावर असेपर्यंत. काढली की हंस गेला आणि नळी राहिली.

"चार नंबर," काका म्हणाले. "बोल."

मी रजिस्टर उघडलं. "काका, ती हंसाची मान."

"कोणाची?"

त्यांनी हात पुसले, चष्मा पुसला आणि पान हातात घेतलं. पुढे मी प्रबंधाची तोंडी परीक्षाही दिली, पण इतकं सावकाश माझं लिखाण कोणी वाचलेलं नाही.

"'हिचं कोणाशी जमत नसावं,'" त्यांनी मोठ्याने वाचलं. "ही आवक की जावक?"

"काका, चुकलं माझं."

"शेरा चांगला आहे गं. फक्त पत्ता नाही." त्यांनी रजिस्टर मिटलं. "पद्धत माझी. तेहतीस वर्षांत एक कागद हरवू दिला नाही मी. तो पोचला कुठे, हे मात्र कायम दुसऱ्या टेबलाला माहीत."

व्हरांड्यात खुर्चीवर, पाय स्टुलावर ठेवून, काकू मटार सोलत होत्या. त्यांनी फक्त पुढची शेंग फोडली. मला ते जास्त लागलं. चोवीस तासांनी त्यांना पेटीवर बसायचं होतं, आणि त्यांचा रस्ता माझ्या उपमांनी अडवला होता.

मग आम्ही शोधायला बसलो. पहिल्या तीन नळ्या रजिस्टरवरून लागल्या. जाड नळ्या जाड तोटीवरच बसतात, तशा दोन लागल्या. तोटीवर ज्या ठिकाणी रबर बसलेलं असतं तिथे मळ नसतो, एक उजळ कडं असतं. त्या कड्याची रुंदी बघून आणखी दोन लागल्या. चार बारीक नळ्या राहिल्या, सगळ्या एका आईच्या लेकी. काकांनी त्या अंदाजाने लावल्या. एक कुठेच पोचेना, तिला बाजूला ठेवली.

दुपारी तीनला त्यांनी चावी फिरवली. गाडी सुरू झाली. मी टाळी वाजवणार तोच तिने एकदम हंबरडा फोडला, मग आवाज खाली गेला, पुन्हा वर, पुन्हा खाली, आणि ती बंद पडली.

"अहो, भाता फाटलाय," व्हरांड्यातून काकू म्हणाल्या.

"वीणा, गाडीला भाता नसतो."

"मग ती श्वास कशाने घेते? पेटीचा भाता कुठे उसवला की असंच होतं. जोर लावावा तेवढा कमी. कुठून तरी हवा चाललीय. परत सुरू करा."

काकांनी सुरू केली. काकूंनी मटार बाजूला ठेवले आणि डोळे मिटले.

"अलका, कुठे उघडं छिद्र दिसतंय का? त्यावर बोट ठेव."

"हात पंख्यापासून लांब!" काका ओरडले.

कार्ब्युरेटरच्या पलीकडे, मळात लपलेली एक तोटी रिकामीच होती. मी बोट ठेवलं. आतून कोणी तरी ते घट्ट ओढून घेतलं, आणि आवाज झर्रकन खाली आला.

"तिथेच," काकू म्हणाल्या. "तिथे नळी नाहीये."

पुढचा पाऊण तास काकांनी नळ्या अदलून बदलून लावल्या, मी बोट ठेवलं आणि काकूंनी मान हलवली. "नाही. अजून दम लागतोय तिला." "हं, जरा बरं." "हे तर मघापेक्षा वाईट." काका एकदाही म्हणाले नाहीत की तुला काय कळतं. शेवटी एकदा आवाज सरळ झाला आणि सरळच राहिला. काकूंनी डोळे उघडले.

"राहू द्या आता. हात लावू नका."

"आणि ही?" काकांनी बाजूला ठेवलेली नळी उचलली. तिच्या पुठ्ठ्यावर आठ होतं.

"हिचं कोणाशी जमत नाही," काकू म्हणाल्या, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने हसल्या.

रविवारी धुकं होतं. काकू पाय लांब करून पुढे बसल्या, मी मागे माझी बॅग मांडीवर घेऊन. दुपारी निजामुद्दीनहून माझी गावी जायची गाडी होती. धौला कुआंला काच धुवायला काकांनी बटण दाबलं, तर काचेवर थेंब नाही, बॉनेटच्या आत मात्र चूळ भरल्यासारखा आवाज झाला. आठ नंबर कोणाची ते तेव्हा कळलं. पुढचा सगळा रस्ता काका दर सिग्नलला उतरून फडक्याने काच पुसत होते. पण गाडी कुठल्याही वळणावर बंद पडली नाही. रिजची टेकडी चढताना तिघंही इंजिनाचा आवाज ऐकत होतो. पावणेदहाला पोचलो.

काकूंना धरून मी आत नेलं. काका उतरले नाहीत. काकूंनी पेटीवर हात ठेवला तेव्हा अहिल्याबाई दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या होत्या.

त्यानंतर मी काकांना एकदाच पाहिलं, त्याच सकाळी. जानेवारीत मी दिल्लीला परतले त्याच्या चार दिवस आधी ते गेले, झोपेतच.

उपासना संपल्यावर बॅग घ्यायला मी बाहेर आले. गाडीचं इंजिन चालू होतं. दीड तास चालूच होतं. काका स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले होते, नखांत कालचं काळं तसंच.

"काका, आता तरी बंद करा."

"आणि परत सुरू झाली नाही तर? टॅक्सीने नेऊ तिला?"

"त्यांना वेळ लागेल अजून. चहा चाललाय. सगळे त्यांनाच गराडा घालून उभे आहेत, पेटी किती छान झाली म्हणून."

"अच्छा?" त्यांनी काच थोडी खाली घेतली. आतले आवाज ऐकू येतात का ते बघत होते बहुतेक. "मग जाताना आत सांगून जा. म्हणावं, घाई करू नकोस, गाडी चालू आहे."